ब्रायटन 1974: सतरा सिंगल्सचा एक संच आणि पुण्याला परतण्याची घाई

पार्श्वभूमी

नेदरलँड्समध्ये वीस-बावीस वर्षे काढून पुण्याला परतणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरच्या कर्त्या गृहस्थांना इथे नुसते अण्णा म्हणू. आइंडहोव्हनजवळ नोकरी, दोन मजली घर, पोटमाळ्यावर खोकी. त्या खोक्यांत युरोपीय देशांत दरवर्षी रंगणाऱ्या युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या जुन्या सात इंची रेकॉर्डी, म्हणजे सिंगल्स. यादी करणे आणि हिशेब ठेवणे एवढ्यापुरता मी या भानगडीत होतो, त्यामुळे बरेचसे डोळ्यांदेखत घडले.

युरोव्हिजन आपल्याकडे माहीत असते ते बहुधा ‘अ‍ॅबा’ या स्वीडिश गटामुळे. 1956 साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे सात देशांनी ती सुरू केली. पहिले वर्ष सोडले तर प्रत्येक देश एकच गाणे पाठवतो. गाणे रंगमंचावर तीन मिनिटांत संपते, पण सीडीने मैदान मारेपर्यंत, म्हणजे साधारण 1990पर्यंत, ते मिनिटाला 45 फेऱ्यांच्या वेगाच्या सात इंची रेकॉर्डवर बाजारात यायचे. कधी फक्त आपल्या देशात, कधी चार-पाच देशांत, कधी एकाच गायिकेच्या आवाजात तीन भाषांत. या छंदाची मजा इथे आहे आणि डोकेदुखीही.

नेदरलँड्स या छंदाला चांगली जागा. त्या देशाने रेकॉर्डींच्या काळात चार वेळा स्पर्धा जिंकली: 1957, 1959, 1969 (ते विजेतेपद चार देशांत वाटले गेले होते) आणि 1975. घरोघरी या रेकॉर्डी होत्या. म्हातारी माणसे गेली, घरे रिकामी झाली की त्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत येतात. तिथे त्यांना ‘क्रिंगलोप’ म्हणतात. शिवाय 27 एप्रिलला राजाच्या वाढदिवशी फुटपाथवर कोणीही चादर पसरून घरातले जुने सामान विकू शकतो. अण्णांचा बहुतेक साठा या दोन ठिकाणचा. हाताला लागली, स्वस्त आहे, घेतली, खोक्यात टाकली. यादी नाही, क्रम नाही.

प्रश्न काय होता

परतायचे ठरले तेव्हा मोजदाद केली. सहाशेच्या वर सिंगल्स निघाल्या. एक सिंगल कव्हरसकट पन्नास-साठ ग्रॅमची. सहाशेंचे साधारण पस्तीस किलो झाले, खोक्यांचे वजन वेगळे. वहिनींनी आधीच सांगून टाकले होते, “तुमच्या तबकड्या विमानाच्या बॅगेत बसतील तेवढ्याच. माझी भांडी कमी करून तुमची गाणी नेणार नाही मी.”

वजन हा वरवरचा प्रश्न होता. खरी अडचण खोकी उघडून सगळे जमिनीवर मांडल्यावर कळली. हा संग्रह नव्हताच, साठा होता. ‘अ‍ॅबा’च्या 1974मधल्या विजेत्या ‘वॉटर्लू’च्या इंग्रजी प्रती अकरा. 1975च्या डच विजेत्या ‘टीच-इन’च्या आठ. 1982ची जर्मन विजेती निकोल, 1976चे ‘ब्रदरहूड ऑफ मॅन’, 1972ची विकी लिआंड्रोस, सगळ्यांच्या दोन-दोन, तीन-तीन. म्हणजे जे गाणे जिंकले, ज्याच्या लाखांनी प्रती निघाल्या, तेच पुन्हा पुन्हा घेतले गेले होते. या बाजारात विजेत्याची रेकॉर्ड सगळ्यांत स्वस्त असते. दुर्मिळ असते ती तळाला गेलेल्याची, जिची एकच खेप निघाली आणि उरलेला माल बहुधा परत गेला. नवशिक्याला हे उलटे वाटते. अण्णा नवशिके नव्हते, पण त्यांनी आजवर कधी बेरीज केली नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा होता. युट्रेख्टच्या यार्बर्स सभागृहात रेकॉर्डींची मोठी जत्रा भरते. तिथल्या ओळखीच्या एका घाऊक विक्रेत्याला सगळी खोकी द्यायची. तो घरी आला, बोटांनी भरभर चाळले आणि सगळ्याचे मिळून साडेतीनशे युरो सांगितले. एका रेकॉर्डला साठ सेंटसुद्धा पडत नव्हते. अण्णांना राग आला. मला मात्र भाव वाजवी वाटला. त्याला त्यातली निम्मी पुन्हा क्रिंगलोपच्या दारात नेऊन ठेवावी लागणार होती.

दुसरा पर्याय एकेक रेकॉर्ड ऑनलाइन विकण्याचा. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीची वेगळी नोंद असते आणि पूर्वीच्या विक्रीचे भावही दिसतात. पैसे जास्त मिळाले असते. पण प्रत्येक नगाचा दर्जा ठरवा, फोटो काढा, पुठ्ठ्यात बांधा, पोस्टात जा. दोन युरोच्या रेकॉर्डसाठी चार युरोचे टपाल भरायला गिऱ्हाईक तयार होत नाही.

तिसरा, सगळे समुद्रमार्गे पाठवण्याचा. कंटेनरमध्ये फर्निचर जाणारच होते.

चौथा पर्याय मुलीने काढला. ती म्हणाली, “बाबा, एक वर्ष निवडा. त्या वर्षाचा पूर्ण संच करा आणि बाकीचे विकून त्याचा खर्च भागवा.” हे सर्वांना पटले. कोणते वर्ष, यावर मात्र दोन संध्याकाळी गेल्या. 1969 पुढे आले, कारण त्या वर्षी चार विजेते होते. शेवटी 1974 ठरले: इंग्लंडमधले ब्रायटन, 6 एप्रिल, सतरा देश, सतरा गाणी. संख्या आवाक्यातली होती. शिवाय त्या वर्षीच्या गाण्यांना अशी काही शेपटे आहेत की दुसऱ्या कुठल्या वर्षाला नसतील.

पोर्तुगालचेच घ्या. पाउलो दे कार्व्हाल्योचे ‘इ दिपोइश दु अदेऊश’ तीन गुणांवर तळाला गेले. जर्मनी, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडही तितक्याच गुणांवर होते. त्या वर्षी प्रत्येक देशाचे दहा परीक्षक होते आणि प्रत्येकाला एकच मत, म्हणून आकडे लहान. ‘वॉटर्लू’सुद्धा 24 गुणांत जिंकले. पण स्पर्धेनंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा 24 एप्रिलच्या रात्री 10 वाजून 55 मिनिटांनी लिस्बनच्या रेडिओवर हेच गाणे वाजले. बंडाच्या तयारीत असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी ती पहिली खूण होती. दुसऱ्या दिवशी पोर्तुगालमधली जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही कोसळली. इटलीत वेगळीच गंमत. जिलिओला चिंक्वेत्तीच्या गाण्याचे नाव ‘सी’, म्हणजे ‘हो’, आणि तो शब्द गाण्यात सारखा येतो. मे महिन्यात घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत होते, तिथेही ‘हो’ की ‘नाही’ एवढेच विचारले जाणार होते. मतदारांवर परिणाम होईल म्हणून इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीने स्पर्धेचे प्रक्षेपण सार्वमत उरकेपर्यंत लांबवले. गाणे दुसरे आले होते. आणि फ्रान्स त्या वर्षी आलाच नाही. स्पर्धेच्या चार दिवस आधी राष्ट्राध्यक्ष पोंपिदू वारले. दानी नावाची गायिका गाणार होती, तिचे नाव मागे घेतले गेले.

कळीचा निर्णय: संचाचा नियम

वर्ष ठरल्यावर अण्णा लगेच म्हणाले, “आठ तर आपल्याकडे आहेतच, नऊ आणायच्या.” मी म्हटले, आधी नियम लिहून काढू. खरेदी थोपवली ती एवढीच, पण माझ्या मते या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

कारण 1974 हे भाषेच्या बाबतीत गुंत्याचे वर्ष आहे. देशाने आपल्याच भाषेत गायचे, हे बंधन 1973मध्ये उठले आणि 1977मध्ये पुन्हा आले. मधल्या चार वर्षांत स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, नेदरलँड्स यांनी हौसेने इंग्रजीत गाणी नेली. देशांतर्गत निवड मात्र बहुतेक वेळा मातृभाषेत झालेली. ‘वॉटर्लू’ आधी स्वीडिशमध्ये गायले गेले, ब्रायटनला इंग्रजीत. पोलर कंपनीने स्वीडनमध्ये दोन्ही सिंगल्स काढल्या. डच जोडी माउथ अँड मॅकनील यांचे ‘आय सी अ स्टार’ घरी ‘इक झी एन स्टेर’ होते. मग संचात कोणती धरायची?

तीन मते होती. मुलीचे म्हणणे, गाणे तेच, भाषा कोणतीही चालेल. अण्णांना ज्या त्या देशात छापलेली पहिली प्रत हवी होती. माझे मत असे की स्पर्धेच्या रात्री रंगमंचावर ज्या भाषेत गायले, त्या भाषेतली रेकॉर्ड धरावी, छपाई कोणत्याही देशाची असो. शेवटी हेच ठरले. अण्णांचा नियम शुद्ध होता, पण त्याने खर्च दुप्पट झाला असता आणि मुदतीत काही जमले नसते.

नियम लावल्याबरोबर आठांतल्या तीन गळाल्या. चिंक्वेत्तीची प्रत इंग्रजी निघाली. ब्रिटनमध्ये हे गाणे ‘गो (बिफोर यू ब्रेक माय हार्ट)’ या नावाने चालले होते. डच जोडीची डच भाषेतली. आणि लक्झेंबर्गच्या आयरीन शीअरची जर्मन. या तिसरीत अण्णा अनेक वर्षे फसलेले होते. ‘बाय बाय आय लव्ह यू’ हे नाव दोन्हीकडे तेच, गायिका मूळची इंग्लिश, नाव झाले जर्मनीत, ब्रायटनला लक्झेंबर्गसाठी गायली फ्रेंचमध्ये. जर्मनीतल्या बाजारात मिळते ती जर्मन. डच जोडीची इंग्रजी प्रत त्याच खोक्यात तळाशी सापडली. म्हणजे हातात सहा: स्वीडन, नेदरलँड्स, जर्मनी, स्पेन, मोनॅको, स्वित्झर्लंड. अकरा हव्या होत्या आणि जायला जेमतेम चार महिने.

कृती: विक्री

विकण्याच्या बाबतीत घाऊक आणि किरकोळ यांच्या मधला मार्ग धरला. वर्षवार गठ्ठे बांधले. युरोव्हिजनचे तरुण शौकीन भरपूर आहेत. त्यांना एखादी विशिष्ट छपाई नको असते, एका वर्षाची सात-आठ गाणी एकदम हातात आली की खूश होतात. प्रत्येक गठ्ठ्यात एक-दोन विजेते, चार-पाच मधले, एखादे तळाचे.

यात अण्णांच्या डोक्यातून एक झकास गठ्ठा निघाला: शून्य गुणांचा. 1978चा नॉर्वेचा यान टायगेन, 1982चा फिनलंडचा कोयो, 1983मध्ये एकाच रात्री शून्यावर बाद झालेले स्पेनची रेमेदियोस अमाया आणि तुर्कस्तानचा चेतिन आल्प. चार रेकॉर्डी, वर एक कागद. जाहिरात टाकली त्याच संध्याकाळी गेला आणि सगळ्या गठ्ठ्यांत जास्त पैसे त्याचेच आले. ‘वॉटर्लू’च्या दहा जादा प्रती मात्र कोणी फुकटही नेईना. त्या शेवटी क्रिंगलोपमध्ये परत गेल्या, जिथून आल्या होत्या तिथेच.

प्रतवारीत आम्ही कडक राहिलो. दिव्याखाली रेकॉर्ड तिरकी धरली की केसासारखे ओरखडे दिसतात. नखाला लागत असेल तर तो ओरखडा ऐकू येणार, हे धरून चालायचे. विक्रेते ‘व्हीजी प्लस’, म्हणजे ‘व्हेरी गुड’च्याही वरची प्रत, सढळ हाताने लिहितात. आम्ही प्रत्येक गठ्ठ्याची एक पायरी खालची प्रत लिहिली. एकही तक्रार आली नाही, पैसे परत करायची वेळ आली नाही.

कृती: रिकाम्या जागा भरणे

बेल्जियमपासून सुरुवात केली, कारण ते गाडीने जाण्याजोगे. त्यांचा त्या वर्षीचा गायक जाक ह्यूस्तँ मूळचा लिएजचा. तिथे म्यूज नदीच्या काठी दर रविवारी ‘ला बात’ हा लांबलचक बाजार भरतो. भाज्या, कोंबड्या, चीज यांच्या मध्ये जुन्या रेकॉर्डींची टेबले. त्याची ‘फ्लर द लिबेर्ते’ तिथे मिळाली, कव्हर थोडे पाण्याने फुगलेले, रेकॉर्ड उत्तम.

त्याच टेबलावर आयरीन शीअर होती. कव्हरवर फ्रेंच मजकूर. अण्णांनी हात पाकिटाकडे नेला. मी विक्रेत्याला विचारले, वाजवून दाखवाल का? त्याने टेबलाखालून बॅटरीवर चालणारा छोटा प्लेअर काढला, मधल्या मोठ्या भोकात प्लॅस्टिकची चकती बसवली आणि सुई ठेवली. गाणे सुरू झाले ते जर्मन! कधीतरी कोणाच्या तरी घरी कव्हर आणि रेकॉर्ड यांची अदलाबदल झाली होती. विक्रेता स्वतःच ओशाळला. मग त्याने मागचे अख्खे खोके आमच्यासमोर उपडे केले. त्यात साध्या पांढऱ्या पाकिटात, कव्हराशिवाय, फ्रेंच रेकॉर्ड होती. जर्मन त्याच्याकडेच राहिली, कव्हर आणि फ्रेंच रेकॉर्ड आम्ही घेतली. दोन्ही मिळून भाव एकाचाच. यानंतर ठरले, हातात घेता येते तिथे वाजवल्याशिवाय घ्यायची नाही. जिथे प्लेअर नाही तिथे निदान लेबल वाचायचे आणि शेवटच्या चरीनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक बॅटरीच्या उजेडात पाहायचा. कव्हर खोटे बोलू शकते, तो कोरलेला क्रमांक सहसा नाही.

इटालियन ‘सी’ युट्रेख्टच्या जत्रेत मिळाली. आयर्लंड आणि फिनलंड ऑनलाइन आले, काही विशेष घडले नाही. युगोस्लाव्हियाची कोर्नी ग्रुपा झाग्रेबच्या विक्रेत्याकडून आली आणि संचातली सर्वांत महाग ठरली. हे रॉक बँड होते. त्यांच्या रेकॉर्डींमागे युरोव्हिजनवाले लागतात आणि जुन्या युगोस्लाव्ह रॉकचे चाहतेही, त्यामुळे भाव चढा. एरवी उलटही घडते. जर्मनीच्या सिंडी आणि बर्ट या जोडप्याचे ‘डी झोमरमेलोडी’ कोणी हातात धरत नाही. पण त्यांनीच 1970मध्ये ‘ब्लॅक सब्बाथ’च्या ‘पॅरॅनॉइड’चे जर्मन रूप गायले होते, त्या रेकॉर्डसाठी संग्राहक हात धुऊन मागे लागतात.

ब्रिटनने त्रास दिला. ऑलिव्हिया न्यूटन-जॉनची ‘लाँग लिव्ह लव्ह’ इंग्लंडमध्ये तीन-चार पौंडांना सहज मिळते. पण ब्रेक्झिटनंतर ब्रिटन युरोपीय महासंघाच्या बाहेर, आणि 1 जुलै 2021पासून 22 युरोंपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफीही गेली. टपाल, 21 टक्के डच मूल्यवर्धित कर, वर हाताळणीचे शुल्क असे धरले तर रेकॉर्डपेक्षा पाकीट चौपट महाग. अण्णा हट्टाला पेटले होते, होऊ दे खर्च म्हणाले. मी थांबा म्हटले. दोन आठवड्यांनी त्यांचा एक भाचा लंडनहून भेटायला आला, त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेत ती आली.

पोर्तुगालची आणली अण्णांच्या एका जुन्या सहकाऱ्याने, लिस्बनच्या ‘फेइरा दा लाद्रा’ या जुन्या बाजारातून. त्याने गाण्यांची खोकी पालथी घातली तेव्हा सापडली नाही. मग विक्रेत्यानेच विचारले, कुठली हवी? नाव ऐकून त्याने दुसऱ्याच खोक्यात हात घातला. त्यात 25 एप्रिलच्या क्रांतीची भाषणे, पोस्टरे, बिल्ले होते. ओर्फेउ कंपनीची ती सिंगल तिथे होती आणि भाव अर्थातच गाण्याचा नव्हता, इतिहासाचा होता. सहकाऱ्याने फोन करून विचारले, घेऊ का? अण्णांनी एका क्षणात हो म्हटले. माझ्या मते तो बरोबर निर्णय. संचात एखादी वस्तू अशी असते की तिच्यासाठी घासाघीस करून हातची घालवण्यात अर्थ नसतो.

ग्रीसची मारिनेला मुलीने अथेन्सला सुटीवर गेली असताना मोनास्तिराकीतल्या दुकानातून आणली. ग्रीसचे ते स्पर्धेतले पहिलेच वर्ष.

पंधरा झाल्या. उरल्या नॉर्वे आणि इस्रायल. नॉर्वेची एक प्रत सापडली ती काठाला तडकलेली. सुई तिथे आदळते, घेण्यात अर्थ नव्हता. इस्रायलच्या ‘पूगी’ या गटाची मिळाली ती इंग्रजी, ‘शी लुक्ड मी इन द आय’. रंगमंचावर त्यांनी हिब्रूत गायले होते. अण्णा म्हणाले, “एवढी चालवून घेऊ या ना.” मुलगी म्हणाली, “मग माझा नियम काय वाईट होता?” रेकॉर्ड घेतली, पण संचात नाही मोजली. खणात तिच्या पाकिटावर पेन्सिलीने ‘तात्पुरती’ असे लिहिले आहे.

पुण्याला नेणे

संचाची तयारी नीट झाली. मऊ पीव्हीसीची पारदर्शक पाकिटे सगळी काढून टाकली. त्यातले प्लॅस्टिसायझर, म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवणारे रसायन, वर्षानुवर्षे रेकॉर्डवर उतरते, दुधी डाग पडतो आणि तो निघत नाही. त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे, आत नवे कागद. रेकॉर्डी डिस्टिल्ड पाणी आणि थेंबभर साबणाने, लेबल न भिजवता, मऊ ब्रशने चरींच्या दिशेने धुतल्या आणि उभ्या वाळवल्या. मग दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये उभ्या रचून अण्णांच्या हातातल्या बॅगेत. सगळे मिळून एक किलोच्या आसपास. वहिनींनी तो वजनकाटा स्वतः पाहिला.

प्लेअरची काळजी मात्र फुकटची ठरली. नेदरलँड्समध्येही 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, आपल्याकडेही तेच. मोटरचा वेग बदलत नाही, फक्त प्लगचे टोक बदलावे लागले.

घोळ झाला तो उरलेल्या मालात. गठ्ठे विकूनही ऐंशीएक सिंगल्स आणि थोड्या एलपी राहिल्या, त्या अण्णांच्या मनातून उतरेनात. शेवटच्या आठवड्यात, कोणाशी फार न बोलता, त्यांनी त्या फर्निचरच्या कंटेनरमध्ये टाकल्या. खोकी आडवी ठेवली गेली, वर पुस्तके. कंटेनर एप्रिल-मेमध्ये न्हावा शेवाला पोचला आणि कागदपत्रांसाठी उन्हात उभा राहिला. बंद लोखंडी पेटीत अशा वेळी तापमान सहज पन्नाशीपर्यंत जाते. खोकी उघडली तेव्हा तिसरा हिस्सा बशीसारखा वाकला होता. चुकले ते तापमान आणि वरचे वजन, दोन्ही एकदम. दोन काचांमध्ये दाबून सरळ करण्याचे उपाय लोक सांगतात. अण्णांनी दोन-तीनवर करून पाहिले, वाक कमी झाला पण आवाज डोलू लागला.

निष्पत्ती

सतरापैकी पंधरा नियमाप्रमाणे, एक तात्पुरती, एक रिकामी. विक्रीतून आलेल्या पैशांत खरेदी, टपाल, पाकिटे आणि लिएजचे जेवण धरून खर्च भागला, वर थोडे उरले. घाऊक विक्रेत्याच्या साडेतीनशेपेक्षा एकूण उत्पन्न दुपटीहून जास्त झाले. पण तीन महिन्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या, त्यांचे मोल कोणी धरलेले नाही. ज्याला फक्त पैसे हवे आहेत त्याने तो पहिला सौदा घ्यावा, असेच मी अजूनही सांगेन.

पुण्यातल्या घरी संच आतल्या भिंतीच्या कपाटात आहे. बाहेरची भिंत पावसाळ्यात दमट होते आणि कागदाच्या कव्हरांना बुरशी धरते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आहेत, त्या महिन्याने तापवून पुन्हा ठेवतात. पहिल्या पावसाळ्यात फक्त लिएजच्या त्या आधीच फुगलेल्या कव्हरवर ठिपके आले. ते कव्हर वेगळे काढून ठेवले, रेकॉर्ड साध्या पाकिटात गेली.

वेगळे काय करता आले असते

विक्री जानेवारीत सुरू केली, कारण निघायची तारीख डोक्यावर होती. स्पर्धा मे महिन्यात होते. त्या आठवड्यात युरोपभर लोकांना या गाण्यांचे भरते येते आणि त्याच गठ्ठ्यांना बरा भाव आला असता. जायचे वर्षभर आधी ठरले होते. आदल्या मे महिन्यात यादी तयार असती तर विक्री तेव्हाच उरकली असती आणि जानेवारी ते एप्रिल हे महिने फक्त शोधासाठी मिळाले असते. नॉर्वे बहुधा याच घाईत राहिली.

‘रंगमंचाची भाषा’ हा नियम मला आजही योग्य वाटतो, पण त्याला एक पोटकलम हवे होते. एखाद्या रेकॉर्डच्या एका बाजूला एक भाषा आणि दुसऱ्या बाजूला दुसरी असेल तर काय, हे आम्ही ठरवलेच नव्हते. अशा रेकॉर्डींवर प्रत्येक वेळी नव्याने वाद झाला.

कंटेनरचा निर्णय टाळता आला असता, आणि तो अण्णांना रागावून टळला नसता. त्या ऐंशी रेकॉर्डींसाठी आधीच जागा आणि वजन राखून ठेवले असते, पुण्याहून येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्यांकडे दहा-दहा दिल्या असत्या, तर त्या धड पोचल्या असत्या. संचाचे काटेकोर नियोजन करताना आम्ही उरलेल्याला कोणीच वाली ठेवला नाही. जे ‘नको’ म्हणून ठरले होते त्यातले बरेच अण्णांना हवे होते, हे विचारले असते तर कळले असते.

आता राहिला दानीचा मुद्दा. ती ब्रायटनला गायलीच नाही, म्हणून नियमाने संचात नाही. अण्णांचे म्हणणे, ती स्वतःहून थोडीच राहिली? तिच्या ‘ला व्ही आ व्हँ-सँक आँ’ची सिंगल पॅरिसमधल्या एका विक्रेत्याकडे आहे, टपालासह भाव अवाच्या सवा. कपाटातल्या पेटीला अण्णांनी सुताराकडून सतराऐवजी अठरा खण करून घेतले आहेत. वहिनींनी अजून ते मोजलेले नाहीत.